दादाचं गाव वेगळं, तुमचं वेगळं

वाचकाचं पत्र, थोडक्यात

पत्र इंग्लंडमध्ये स्थायिक असलेल्या एका ताईंचं आहे. वडील एनएचएसचे, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचे डॉक्टर. १९६७ साली ते डरहॅम काउंटीच्या पूर्वेकडच्या एका कोळसा खाणीच्या गावात दवाखाना चालवायला गेले. तेव्हा ताई दोन वर्षांच्या होत्या आणि दादा आठ वर्षांचे. गावात मराठी सोडाच, भारतीय घरही हे एकच. आता त्या गावाचं स्थानिक इतिहास मंडळ ‘गावातलं बालपण’ या विषयावर पुस्तक काढतंय. मंडळाने ताईंकडे दीड हजार शब्दांचा लेख आणि दोन फोटो मागितलेत. ताईंच्या आठवणी गोड आहेत. शाळेच्या वरच्या वर्गात मैत्रिणीबरोबर प्यायलेल्या दुधाच्या छोट्या बाटल्या, ‘तीन दिवसांच्या आठवड्यात’, म्हणजे वीज वाचवायला कामकाज आठवड्यातून तीनच दिवस चालायचं तेव्हा, मेणबत्तीच्या उजेडात पेशंट तपासणारे बाबा, १९७७ साली राणीच्या रौप्यमहोत्सवाची भर उन्हात रस्त्यावर बसलेली पंगत. दादा म्हणतात, त्या दिवशी पाऊस होता आणि पंगत वेल्फेअर हॉलमध्ये, म्हणजे खाणकामगारांच्या सभागृहात झाली. शिवाय शाळेच्या बसमध्ये रंगावरून त्यांना रोज जे ऐकावं लागलं, ते गाळून लिहिणार असशील तर लिहूच नकोस, असंही त्यांचं म्हणणं. बाबा आता नाहीत. ८८ वर्षांची आई म्हणते, “कशाला जुनं उकरून काढायचं? बाबांना गावात मान होता.” ताई विचारतात: आमच्यापैकी कोणाला खरं आठवतंय, आणि मी लिहू की नको?

उत्तर

ताई,

लिहा. पण ‘कोणाला खरं आठवतंय’ हा प्रश्न आधी जरा उलटून पाहू. त्यात तुम्ही असं धरून चालला आहात की तुम्ही दोघं एकाच गावात वाढलात. तारखा मांडल्या तर तसं दिसत नाही.

१९७० साली दादा अकरा वर्षांचे झाले आणि बसने बाहेरगावच्या मोठ्या शाळेत जाऊ लागले. तुम्ही तेव्हा पाच वर्षांच्या, चालत गावातल्या शाळेत जाणाऱ्या. त्या शाळेतल्या जवळजवळ प्रत्येक मुलाच्या घरी तुमचे बाबा कधी ना कधी बॅग घेऊन गेलेले असणार. तिथे तुम्ही ‘डॉक्टरांची मुलगी’. बसमध्ये मात्र आजूबाजूच्या चार गावांची पोरं. डॉक्टर कोण, कुठले, हे त्यांतल्या निम्म्यांना ठाऊक नसेल. त्यांना दिसला तो फक्त कातडीचा रंग. त्यात काळही बघा. ब्रिटिश खासदार एनॉक पॉवेल यांचं स्थलांतरितांविरुद्धचं ते कुप्रसिद्ध भाषण एप्रिल १९६८ मधलं, म्हणजे दादा आठ-नऊ वर्षांचे असतानाचं. पुढची काही वर्षं तीच भाषा टीव्हीवर विनोद म्हणून चालत होती आणि बसच्या मागच्या बाकावर तीच पोचत होती. म्हणजे अकराव्या वर्षापर्यंतचं गाव वेगळं आणि त्यानंतरचं वेगळं. तुम्ही पहिल्याबद्दल बोलताय, दादा दुसऱ्याबद्दल.

एक गोष्ट मात्र विचारायलाच हवी. १९७६ साली तुम्हीही त्याच बसमध्ये चढलात. त्या प्रवासाबद्दल तुमच्या पत्रात एक ओळही नाही, आहे ती एकदम रौप्यमहोत्सवाची पंगत. कदाचित तोवर बसमधलं वातावरण निवळलं असेल, कदाचित मुलींचा कोपरा वेगळा असेल, कदाचित आणखी काही. उत्तर मला कळवू नका, पण लिहायला बसण्याआधी ते स्वतःपुरतं शोधा.

दुसरं गृहीत जरा नाजूक आहे. ‘आम्हाला कधी वेगळं वाटलंच नाही,’ असं तुम्ही लिहिता. खाणीच्या गावात डॉक्टरचं घर वेगळंच असायचं, मग डॉक्टर कुठलाही असो. कोळशाचंच घ्या. खाणी चालवणाऱ्या सरकारी नॅशनल कोल बोर्डाकडून खाणकामगारांना घरासाठी सवलतीचा कोळसा मिळायचा. ट्रक मागच्या गल्लीत यायचा, दारासमोर ढीग ओतून निघून जायचा, आणि मग घरातलं कोणीतरी, बऱ्याचदा शाळेतून आलेला मुलगा, फावड्याने तो कोळसा भिंतीतल्या छोट्या दारातून कोठीत ढकलायचा. सोमवारी त्याच गल्लीत आडव्या दोऱ्यांवर धुणं वाळत असायचं. त्या दिवशी ट्रक आला की बायका तोंड सोडायच्या. तुमच्या दारात असा ढीग पडत होता का? बहुधा नाही, कारण ती सवलत डॉक्टरला नव्हती. व्हिकारची, म्हणजे चर्चच्या पाद्र्याची मुलं, हेडमास्तरांची मुलं, खाणीच्या मॅनेजरची मुलं, सगळीच थोडी बाहेरची. तुमच्या वाट्याला आलेल्या मायेत गावाचा चांगुलपणा होताच, पण डॉक्टरच्या खुर्चीचा दबदबाही होता. तो लेखात आला तर लेखाला वजन येईल. फक्त याचा उपयोग दादांना ‘ते रंगाचं नव्हतं, वर्गाचं होतं’ असं समजावायला करू नका. त्यांना काय म्हणून हाक मारली गेली ते त्यांनी स्वतः ऐकलंय.

आता तपासण्यासारख्या गोष्टी. आठवण खोटी क्वचितच असते. बहुतेक वेळा ती फक्त चुकीच्या वर्षाच्या कप्प्यात जाऊन बसलेली असते. तुमच्या तीन आठवणींत हे छान दिसतं.

शाळेत मोफत मिळणारी दुधाची बाटली एक तृतीयांश पिंटची, म्हणजे साधारण १९० मिलिलिटरची असे. माध्यमिक शाळांतलं मोफत दूध १९६८ सालीच बंद झालं. १९७१ च्या कायद्याने ते सात वर्षांवरच्या मुलांसाठीही थांबलं, अपवाद फक्त वैद्यकीय कारणाचा. तुम्ही १९६५ च्या. म्हणजे १९७२ च्या उन्हाळ्यानंतर तुम्हाला मोफत बाटली मिळणं कठीण. काही ठिकाणी दूध विकत मिळे, पण तुमची आठवण बहुधा वरच्या वर्गाची नसून पाच-सहाव्या वर्षाची आहे. मैत्रीण तीच असेल, वर्ग खालचा असेल.

मेणबत्त्यांचंही तसंच. तीन दिवसांचा आठवडा जानेवारी ते मार्च १९७४ चा. तो मुख्यतः कारखाने, दुकानं आणि कचेऱ्यांवरचा निर्बंध होता. घरोघरी पाळीपाळीने वीज जायची ती फेब्रुवारी १९७२ मध्ये, खाणकामगारांच्या संपात, आणि त्याआधी डिसेंबर १९७० मध्ये. १९७२ चा संप ९ जानेवारीला सुरू झाला आणि फेब्रुवारी संपता संपता मिटला. बाबांच्या पुढ्यात बसलेल्यांपैकी कितीतरी जण तेव्हा सात आठवडे बिनपगारी असणार. तारीख दुरुस्त केली की त्या मेणबत्तीच्या प्रसंगात ही माणसंही येतात. तारीख तपासायची ती मुख्यतः यासाठी, दादांना हरवण्यासाठी नव्हे.

राहिली पंगत. रौप्यमहोत्सवाचा दिवस ७ जून १९७७, मंगळवार. मेट ऑफिसच्या, म्हणजे ब्रिटनच्या हवामान खात्याच्या डिजिटल संग्रहात त्या काळातले रोजचे हवामान अहवाल स्कॅन करून ठेवलेत आणि ते फुकट पाहता येतात. मात्र त्यात जवळच्या हवामान केंद्राची नोंद मिळेल, तुमच्या गल्लीची नाही. त्याहून उपयोगी तुमच्याकडचा त्या पंगतीचा फोटो. भिंग घेऊन बघा. टेबलांखाली सावल्या आहेत का, डांबर ओलं चमकतंय का, बायकांच्या अंगावर कोट आहेत का. मागच्या बाजूला छपाईच्या लॅबची तारीख असली तरी ती फोटो धुतल्याची असते, काढल्याची नव्हे. रोल महिनोन्‌महिने कॅमेऱ्यात पडून असायचे. आणि कित्येक गावांत त्या जूनमध्ये एकापेक्षा जास्त कार्यक्रम झाले. दोघांचंही बरोबर निघू शकतं.

आणखी कुठे शोधाल? डरहॅम काउंटीचं अभिलेखागार २०२४ पासून डरहॅम शहरात माउंट ऑस्वल्ड इथे ‘द स्टोरी’ या केंद्रात आहे. तिथे शाळांची लॉग-बुकं मागा. एकोणिसाव्या शतकात सुरू झालेल्या या वह्यांत हेडमास्तर आपल्या हाताने नोंदी करत: किती मुलं गैरहजर, गोवराची साथ, बॉयलर बंद पडला, उवा तपासायला नर्स आली. सत्तरच्या दशकातल्या वह्या व्यक्तिगत माहितीमुळे वाचकांसाठी बंद असू शकतात. तेव्हा आधी ईमेल करून शाळेचं नाव आणि वर्षं द्या आणि तुमच्या स्वतःच्या नावाची नोंद शोधून मिळेल का ते विचारा. जनगणनेच्या नादी लागू नका, ती शंभर वर्षं बंद असते. त्या भागातलं जुनं वर्तमानपत्र जवळच्या शहराच्या ग्रंथालयात मायक्रोफिल्मवर मिळतं. अख्खं वर्ष चाळण्यापेक्षा आधी तारीख ठरवून घ्या आणि त्यानंतरच्या पंधरवड्याचेच अंक बघा.

नकाशा वापरा, पण क्रम सांभाळा. आधी कोऱ्या कागदावर घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता आठवणीने काढा. दुकानं, कुत्रा असलेलं घर, कबुतरांची खुराडी, लीकचे (कांद्यासारख्या भाजीचे) वाफे, सगळं. दादांनाही वेगळ्या कागदावर काढायला सांगा. एकमेकांचं बघायचं नाही. मग ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा १:२५०० प्रमाणातला जुना नकाशा शेजारी ठेवा. त्यात घर न्‌ घर दिसतं. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही असे जुने नकाशे आहेत, तुमच्या भागाचा कुठल्या सालचा आहे ते पाहा. नकाशा आधी पाहिला तर पुढे आठवणारं सगळं त्याच्या साच्यात बसतं आणि मग तुमचं काय नि नकाशाचं काय, वेगळं काढता येत नाही. दोन्ही कागदांवर जे जुळणार नाही, त्यातूनच लेखाचा चांगला मजकूर निघेल.

एवढं सगळं सांगून एक इशारा. या कागदांतून दूध, वीज, पाऊस कळेल. बसमध्ये दादांना काय म्हणत, ते कुठल्याही वहीत सापडणार नाही. हेडमास्तर बॉयलरची नोंद करत, शिव्यांची नव्हे. म्हणून ‘लॉग-बुकात काहीच नाही’ हे वाक्य दादांसमोर चुकूनही उच्चारू नका. नोंद नसणं म्हणजे घडलं नसणं नव्हे.

घरच्या पत्रांचंही तेच. तुमच्या आजोळी किंवा काकांच्या माळ्यावर आईबाबांची निळी एअरोग्रामं जपलेली असतील तर ती आधी मिळवा. त्यांवर पोस्टाचा शिक्का म्हणजे पक्की तारीख. घडीवर फाटतात, म्हणून उलगडून सपाट ठेवा, चिकटपट्टी अजिबात लावू नका, ६०० डीपीआयवर दोन्ही बाजू स्कॅन करा. त्यात बर्फ, भाजीचे भाव, मुलांचे मार्क मिळतील. पण सासरी लिहिलेल्या पत्रात कुठली सून लिहील की पोराला शाळेत चिडवतात? ‘इकडील सर्व क्षेम’ हेच सापडणार. ते वाक्य पुरावा म्हणून नका वापरू.

आता आई. तिच्या ‘कशाला उकरायचं’मागे नेमकं काय आहे, हे तुम्ही विचारलेलं दिसत नाही. गावाबद्दलची कृतज्ञता असेल. किंवा दादांचं सांगणं खरं धरलं तर ‘मग बाबांनी काय केलं?’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो, त्याची भीती असेल. त्या काळच्या डॉक्टरला पेशंटच्याच मुलांची तक्रार घेऊन शाळेत जाणं सोपं नव्हतं. आईला लेखाबद्दल नका विचारू, तिच्या दिवसाबद्दल विचारा. रात्री दवाखान्याचा फोन कोण उचलायचं? घरभेटींच्या निरोपांची वही कुठे असायची? बाबा बाहेर असताना कोणी दार ठोठावलं तर? ‘तुला एकटं वाटायचं ना?’ असं उत्तर तोंडात घालणारं काही नको.

मराठीतच बोला आणि रेकॉर्ड करा, तिला सांगून. फोन चालेल, पण कॉलरला लावायचा साधा मायक्रोफोन घ्या. डब्ल्यूएव्ही फाइल, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. एमपी३ नको. एका बैठकीत तासाभराच्या वर जाऊ नका. फ्रिजची घरघर आवाजात येते, म्हणून तो बंद करा आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे निघताना तो पुन्हा सुरू करायला विसरणार नाही. सुरुवातीला तारीख, ठिकाण, दोघींची नावं बोला. ती थांबली की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, मनात दहा आकडे मोजा. आणि हे ध्यानात असू द्या की १९८८ च्या ब्रिटिश कायद्याप्रमाणे रेकॉर्डिंगचा हक्क ते करणाऱ्याचा असला, तरी बोललेल्या शब्दांचा हक्क बोलणाऱ्याचा असतो. मंडळाला किंवा अभिलेखागाराला ते द्यायचं झालं तर आईची लेखी संमती लागेल. काही वर्षं बंद ठेवण्याची अटही घालता येते. आईला ती अट कदाचित पसंत पडेल.

लेखात काय अजिबात नको, तेही सांगते, कारण डॉक्टरांच्या मुलांकडून चूक होते ती नेमकी इथेच. दवाखाना घरातच असला की भिंतीपलीकडचं ऐकू येतं. खाणीतल्या धुळीने जडलेल्या खोकल्याची कोणाची भरपाई अडली, कोणाच्या मुलीला दिवस गेले, कोण रात्री रक्ताळून आला. यातलं काहीही लिहू नका, नाव बदलूनही नको. पेशंट वारला तरी डॉक्टरवरचं गोपनीयतेचं बंधन संपत नाही आणि बाबांचं ते बंधन तुम्हीही पाळलेलं बरं. ‘थांबायच्या खोलीत सकाळभर खोकला ऐकू यायचा’, बस, इथवर.

त्रास देणाऱ्यांची नावं? नको. इंग्लंडच्या कायद्यात मृतांची बदनामी होत नाही, जिवंतांची होते. ते खरं आहे हा बचाव चालतो, पण सिद्ध करण्याचा भार लिहिणाऱ्यावर. बसमधली मुलं आज साठी-सत्तरीची, बरीचशी त्याच गावात. मात्र नाव गाळताना प्रसंगच पुसट करू नका. ‘काही वेळा थोडा त्रास झाला’ असलं वाक्य कोणाच्याच कामाचं नाही. शब्द काय होता, बस कुठे थांबायची, ड्रायव्हर काय करायचा, ते लिहा. मग गावातल्या एका जुन्या माणसाला तो परिच्छेद दाखवा. त्याने “अरे, हा तर अमका” म्हटलं, तर एक तपशील काढा.

मग लेख कसा? तीन वाटा दिसतात. पहिली, दोघांचे दोन छोटे लेख शेजारी शेजारी, प्रत्येकी साडेसातशे शब्द, वर फक्त नाव आणि जन्मसाल. मला हीच सर्वांत आवडते. जुळवाजुळव करावी लागत नाही आणि वाचणाऱ्याला सहा वर्षांचं अंतर आपोआप दिसतं. दादा तयार नसतील तर दुसरी: फक्त अकराव्या वर्षापर्यंतचं लिहा आणि पहिल्याच परिच्छेदात तसं सांगून टाका, की बसमधलं गाव वेगळं होतं, ते सांगण्याचा हक्क माझ्या भावाचा आहे. ही पळवाट नव्हे, मर्यादा उघडपणे सांगणं आहे. तिसरी, तुमच्या लेखात दादांचा एक परिच्छेद घालणं. ती मोहात पाडते, पण मला पटत नाही. त्यांचं किती घ्यायचं आणि कुठे कापायचं हे तुम्ही ठरवणार, आणि तक्रार तर नेमकी तीच आहे.

दादांना फोन करताना ‘तू लिहिशील का?’ने सुरुवात करू नका. आधी सांगा, दुधाची बाटली मी चुकीच्या वर्षात ठेवली होती. मग विचारा, तुला बसचा नंबर आठवतो का? नकार आला तर तो घ्या. पन्नास वर्षांनी गावासमोर जखम उघडी करावी असं त्यांच्यावर कसलंही बंधन नाही.

असाच वाद नैरोबीला वाढलेल्या किंवा भिलाईच्या टाउनशिपमध्ये बालपण गेलेल्या भावंडांतही होतो, अशी पत्रं येतात. त्या सर्वांनी प्रत्येकाचं वय, शाळेची वाट आणि बाबांचं गावातलं स्थान हे तीन रकाने आधी भरावेत. निम्मं भांडण तिथेच मिटतं. उरलेलं निम्मं खरं असतं, त्याला वेळ द्यावा लागतो.

मंडळाला या आठवड्यातच लिहा. मजकूर इंटरनेटवरही जाणार का, छापण्याआधी प्रूफ दाखवणार का, दोन लेखांना जागा मिळेल का. फोटो मूळ देऊ नका, ६०० डीपीआयचा स्कॅन द्या. मागे लिहायचं झालं तर मऊ पेन्सिलीने, बॉलपेनने नको. आणि प्रूफ आलं की आधी फोटोखालची ओळ वाचा. गावातल्या पुस्तकांत तुमच्या आईसारख्या बायका सर्रास ‘डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी’ म्हणून छापल्या जातात. रात्रीचे फोन तिनेच घेतले असतील, तर तिचं नाव, आडनाव आणि ‘दवाखान्याचा फोन सांभाळणाऱ्या’ हे तीन शब्द तिथे घालून घ्या.